ढग, जहाज आणि स्टिग्लिट्झ: कृष्णधवल फोटोतला मूड येतो कुठून?

कातरवेळ | रवि, रात्री १०:५२

गेले दोन महिने एकाच माणसाच्या फोटोंनी डोकं खाल्लंय. घरच्यांनी ऐकायचं केव्हाच बंद केलं त्यामुळे इथे टंकतेय, सहन करा.

सुरुवात झाली एका व्हॉट्सॅप ग्रुपवरून. कुणीतरी 'द स्टीअरेज' (म्हणजे जहाजातला सगळ्यात स्वस्त वर्ग) हा जुना फोटो टाकला, आल्फ्रेड स्टिग्लिट्झचा, १९०७ सालचा, आणि खाली लिहिलं की नव्या आयुष्याची आशा उराशी धरून अमेरिकेत पाऊल ठेवणारी गरीब माणसं. धडाधड हात जोडलेले इमोजी पडले. फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जहाजाचे दोन मजले दिसतात, वरच्यावर माणसं कठड्याला रेलून खाली बघतायत, खालच्यावर बायका-पोरं आणि वाळत घातलेले कपडे, एक बाई डोक्यावरून पट्ट्यापट्ट्यांची शाल घेऊन पाठमोरी उभी, आणि मधोमध एक पांढराफटक पूल, रिकामा, सगळं चित्र तिरकं कापत गेलेला. मीही हात जोडणारच होते. पण सहज वाचायला गेले तर कळलं की जहाज न्यूयॉर्कहून युरोपला चाललं होतं. कैसर विल्हेल्म दुसरा नावाचं जर्मन जहाज. म्हणजे ही माणसं येणारी नाहीतच, परत निघालेली.

फोटोतला एक ठिपका बदलला नाही आणि आशेचं पार पाणी झालं. जो पूल दोन मिनिटांपूर्वी स्वागताला उभा असल्यासारखा वाटत होता तोच दाराला घातलेल्या अडसरासारखा दिसायला लागला. मग प्रतीक होतं कुठे? फोटोत, कॅप्शनमध्ये, की माझ्याच डोक्यात?

बरं, स्टिग्लिट्झला स्वतःला काय दिसलं हे त्याने लिहून ठेवलंय, फोटोनंतर तब्बल ३५ वर्षांनी, १९४२ मध्ये. हा गडी बायको-मुलीसोबत पहिल्या वर्गात, तिथल्या श्रीमंती गप्पांना विटलेला. फिरत फिरत डेकच्या टोकाला आला आणि खाली बघितलं. पुढे तो यादी देतो: एक गोल गवती टोपी, डावीकडे कललेलं धुराडं, उजवीकडे झुकलेला जिना, एका माणसाच्या पाठीवर फुली मारणारे पांढरे सस्पेंडर, लोखंडी यंत्रांचे गोल, आभाळाला कापणारी डोलकाठी. आधी आकार दिसले आणि आकारांखालून जीवनाबद्दल त्याला जे वाटत होतं ते वर आलं, अशा अर्थाचं लिहितो. मग धावत केबिनमध्ये, ग्राफ्लेक्स कॅमेरा घेतला, एकच कोरी प्लेट शिल्लक, धावत परत, आणि तो टोपीवाला हलला नव्हता! एकच क्लिक. प्लेट धुतली पॅरिसला पोचल्यावर. छापला १९११ मध्ये, त्याच्याच 'कॅमेरा वर्क' या त्रैमासिकात.

आता थोडं मागे जाऊ. हा माणूस न्यूयॉर्कजवळच्या होबोकेनचा, १८६४ चा जन्म, बर्लिनला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि फोटोच्या रसायनात अडकला. १८९० ला परत आला तर न्यूयॉर्क अंगावर येतंय, जीव रमत नाही. १८९३ च्या फेब्रुवारीत फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा राहिला, एक घोडागाडी हवी तशी समोरून येईपर्यंत. तेव्हा हातात धरायचा कॅमेरा म्हणजे पोरखेळ समजायचे, याने तोच वापरला. त्याच वर्षीचा 'द टर्मिनल' तर मला जास्त आवडतो. ट्रामचे घोडे फेरी संपवून थांबलेत, अंगातून वाफा निघतायत, खाली चिखल-बर्फाचा राडा आणि गाडीवान पाठमोरा, घोड्यांना पाणी पाजतोय. नंतर तो सांगायचा की ते बघताना आपलंच एकटेपण दिसलं, निदान घोड्यांना विचारणारं कुणीतरी होतं.

इथे मूड कशाने आला हे निदान दाखवता येतं. बर्फ, वाफ, धुकं, पाठमोरा माणूस. त्या काळच्या सगळ्यांचीच ही हत्यारं. १९०२ मध्ये स्टिग्लिट्झ आणि मंडळींनी 'फोटो-सिसेशन' नावाचा कंपू काढला, फोटो ही कला आहे हे जगाच्या गळी उतरवायला, आणि १९०५ पासून फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ नंबरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चिमुकली गॅलरी. त्यातला एडवर्ड स्टायकेन. त्याचा 'द फ्लॅटआयर्न' बघा, १९०४ चा: ओला रस्ता, संध्याकाळ, टोपीवाले घोडागाडीवाले नुसत्या काळ्या आकृत्या, पुढून एक फांदी आडवी गेलेली, मागे ती नवीकोरी फ्लॅटआयर्न बिल्डिंग धुक्यातून गलबतासारखी येतेय आणि तिचा माथा फोटोत मावतच नाही.

पण १९२२ पासून स्टिग्लिट्झ काय करतो, तर 'लेक जॉर्ज' या तळ्याकाठच्या घरी बसून नुसते ढग काढतो. ना घोडा, ना गाडीवान, पुढे पुढे तर क्षितिजही नाही. पहिल्या दहा फोटोंच्या मालेला नाव दिलं 'म्युझिक', नंतर 'साँग्ज ऑफ द स्काय', आणि १९२५ पासून 'इक्विव्हॅलंट्स'. समतुल्य म्हणू या का? म्हणजे माझ्या आत जे चाललंय त्याच्या बरोबरीचं हे. कमाल आहे की नाही! आणि त्यातले काही फोटो बघून खरंच पोटात काहीतरी हलतं, कशाने ते मला सांगता येत नाही. तुम्ही सांगा.

खवट_शेंगदाणा | रवि, रात्री ११:२०

लेख छान, पुढील लेखनाला शुभेच्छा. आता खवटपणा, हलकं घ्या.

३५ वर्षांनी सांगितलेली गोष्ट आहे ना ती? गवती टोपी, धुराडं, एकच प्लेट, धावाधाव, टोपीवाला हलला नाही. अहो आमचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीच्या गोष्टी सांगायचे त्यात दरवर्षी एक पोलीस वाढायचा. आधी फोटो निघाला, मग चित्रकलेत भूमितीच्या आकारांचा क्यूबिझम आला, मग आपल्या फोटोत आधीच गोल-त्रिकोण-चौकोन होते हे साहेबांच्या लक्षात आलं, असं मी म्हणेन. १९०७ चा फोटो छापायला १९११ का उजाडलं? एवढा साक्षात्कार झाला होता तर चार वर्षं पेटीत का?

आणि ढग तर ढग आहेत. मूड कुणाला दिसतो, ज्याला आधी सांगितलंय त्याला. आमच्या हपिसातल्या कोऱ्या भिंतीखाली 'अस्वस्थता क्र. ३' लिहा, लोक थांबून बघतील.

कातरवेळ | रवि, रात्री ११:४१

@खवट, चार वर्षांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मलाही खुपतो. १९०७ मध्ये तो स्वतः अजून मऊ, धूसर फोटोंच्याच प्रेमात होता, त्यामुळे आपण काय काढलंय हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं असणार. मधल्या काळात २९१ मध्ये त्याने पिकासो, सेझान वगैरे चित्रकार मंडळी अमेरिकेला दाखवली, त्यातून त्याचीच नजर बदलली. पण म्हणून फोटो खोटा ठरतो का? सस्पेंडरची फुली निगेटिव्हमध्ये १९०७ लाच होती ना.

कोऱ्या भिंतीबद्दल उद्या भांडू.

लाल_दिवा | सोम, सकाळी ६:१५

मी ३१ वर्षं डार्करूममध्ये काढली, त्यातली बरीचशी छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर. कलेतलं फार कळत नाही पण १९२२ मध्येच ढग का, याचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे.

घरातला जुना फोटो काढा, साठ-सत्तर नाही, त्याच्याही मागचा, पणजीचा वगैरे, काचेच्या प्लेटवरचा. तिचं कुंकू बघा. काळं कुळकुळीत असेल. आणि आभाळ असलंच तर पांढरं, कोरं. कारण त्या प्लेटला लाल रंग दिसायचाच नाही आणि निळा मात्र नको इतका दिसायचा. निळं आभाळही पांढरं, त्यातला ढगही पांढरा, दोघं एकमेकांत विरघळले, संपलं. जुने लोक करायचे काय, ढगांची निगेटिव्ह वेगळी काढायचे आणि प्रिंट करताना वर जोडायचे, गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच माणसाने १८५० च्या दशकात समुद्राचे असे फोटो केलेत.

यावर पहिला उपाय शोधला बर्लिनच्या हर्मान फोगेलने १८७३ मध्ये. प्लेटच्या मसाल्यात ठरावीक रंग घातले तर तिला हिरवाही दिसायला लागतो. तिला आम्ही ऑर्थो म्हणायचो, छपाईची लिथ फिल्म तीच, म्हणून तर लाल दिव्यात बिनधास्त काम करता यायचं. लेखिकाबाईंनी लिहिलेलं बर्लिनचं रसायन हेच, फोगेल हा स्टिग्लिट्झचा गुरू. पुढे लालही ओळखणारी पॅनक्रोमॅटिक आली, ती मात्र मिट्ट अंधारातच धुवावी लागते. पॅन आली, पुढे पिवळा किंवा लाल फिल्टर लावला, की निळं आभाळ गडद होत जातं, आणि ढग कापसासारखा सुटून बाहेर येतो. लाल फिल्टर जोरात असेल तर भरदुपारी आभाळ रात्रीसारखं काळं.

तर त्या फोटोंमध्ये सूर्य असूनही अंधार वाटतो ना, तो अंधार आभाळात नव्हता. तो फिल्म, फिल्टर आणि प्रिंट किती भाजली (जास्त उजेड देऊन काळी केली) यातला आहे. पोटात हलतं ते यामुळे असेल असं आपलं माझं मत. दिवस आणि रात्र एकाच वेळी.

आळशी_ट्रायपॉड | सोम, सकाळी ९:०३

काका _/\_ कुंकवाचं वाचून उठून अल्बम काढला. पणजीचं खरंच काळं आहे. इतकी वर्षं मला वाटायचं त्या काळी काळंच लावायचे.

व्यंजनासंधी | सोम, दुपारी १:३०

लाल_दिवा यांना दंडवत. आता माझं पालुपद, संस्कृतवाल्यांना माफ करा.

आपल्याकडे हा वाद हजार वर्षांपूर्वी घालून झालाय. 'गंगेवर गवळीवाडा' हे घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. पाण्यावर वाडा असू शकत नाही हे कळलं की आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो, ती लक्षणा. पण मग सरळ काठावर का नाही म्हटलं? कारण 'गंगेवर' म्हटल्याने गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला लागतं. ते कुठल्याच शब्दात लिहिलेलं नाही, ती व्यंजना. संस्कृत काव्यशास्त्रवाला आनंदवर्धन म्हणतो काव्याचा आत्मा तोच, ध्वनी.

व्हॉट्सॅपवाल्यांनी स्टीअरेजचं जे केलं ते लक्षणेच्या पातळीवरचं. गरीब + जहाज = स्थलांतर = आशा. गणित चुकलं की प्रतीक कोसळतं. पण पूल आडवा पडल्याने वरचे-खालचे असे जे दोन तुकडे होतात आणि रिकाम्या पुलावरून कुणीच जात नाही त्याचा जो चटका आहे तो जहाज कुठेही जात असो, राहतोच. तो ध्वनी.

आता ढगांत पंचाईत अशी की वाच्यार्थच जवळजवळ नाही. व्यंजनेला उभं राहायला आधी पाट तरी लागतो ना? पाटच नाही तर ती बसणार कशावर? या बाबतीत मी अर्धा खवट यांच्या बाजूला आहे.

अवांतर: ढगाला कामाला लावणारा पहिला माणूस आपलाच, पण त्याने निदान पत्ता नीट सांगितला होता.

खवट_शेंगदाणा | सोम, दुपारी १:४४

अर्धा तर अर्धा. पावती पाठवतो.

चार्लसकाठ | सोम, संध्या ७:१० (इथली सकाळ)

जाता जाता, ध्वनी आणि स्टिग्लिट्झ यांची गाठ खरोखर पडलेली आहे, तीही मी राहते त्या गावात. आनंद कुमारस्वामी, कोलंबोत जन्मलेले, भारतीय शिल्पकलेवर आपण ज्यांचं वाचतो तेच, १९१७ पासून बॉस्टनच्या म्यूझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये भारतीय कला सांभाळायला होते. ते स्वतः फोटो काढायचे. त्यांनी स्टिग्लिट्झच्या मागे लागून १९२४ मध्ये त्याचे २७ फोटो म्यूझियमला मिळवून दिले. त्या वेळी मोठी म्यूझियमं फोटोला कला म्हणून दारात उभं करायला तयार नव्हती. आणि दार उघडलं कुणी, तर रसचर्चा करणाऱ्या माणसाने! मला हे कळलं तेव्हा मी म्यूझियमच्या कॅफेत एकटीच हसत बसले होते.

इक्विव्हॅलंट्स मी वॉशिंग्टनला नॅशनल गॅलरीत पाहिले, स्टिग्लिट्झच्या पश्चात जॉर्जिया ओकीफने (त्याची बायको, मोठी चित्रकार) सगळ्यात मोठा संच तिथे दिला, सोळाशेच्या वर फोटो. कातरवेळ, तुम्ही हे स्क्रीनवर पाहिलेत का? मग अजून पाहिलेच नाहीत असं समजा. पोस्टकार्डाएवढे आहेत हो! चार बाय पाच इंचाच्या निगेटिव्हचे त्याच आकाराचे काँटॅक्ट प्रिंट, एनलार्जर (फोटो मोठा करायचं यंत्र) नाही काही नाही. मी मनात भलंथोरलं आभाळ घेऊन गेले आणि भिंतीवर एवढीशी खिडकी. जवळ जावं लागतं, मान खाली करून, आणि मग एकदम खोल पडल्यासारखं होतं कारण पाय ठेवायला जमीनच नाही, डोंगराची कड नाही, झाड नाही. कुठे खालच्या कोपऱ्यात झाडाचा शेंडा आला असेल तर त्याला धरून उभं राहावंसं वाटतं. नंतरच्यांत तेही नाही. तो स्वतः काही प्रिंट आडवे-उभे फिरवूनही लावायचा.

व्यंजनासंधींच्या पाटाचं उत्तर मला तिथे मिळालं असं वाटतं. पाट काढून घेतलाय हाच तर परिणाम आहे.

व्यंजनासंधी | सोम, संध्या ७:३८

हे चांगलंय. विचार करतो. अर्धी पावती परत घेण्याच्या विचारात.

पेठी_भुंगा | सोम, रात्री ९:५५

सगळे ढगांत गेलेत, मी जमिनीवर आणतो. फोटोग्राफर पॉल स्ट्रँडचं नावच नाही धाग्यात? 'वॉल स्ट्रीट', १९१५. मॉर्गनची नवी बँक, तिच्या दगडी भिंतीत एकापुढे एक प्रचंड काळ्या खिडक्या, खिडक्या कसल्या, खड्डेच, आणि खालून सकाळच्या कोवळ्या उन्हात माणसं मुंग्यांसारखी कामाला चाललीयेत, प्रत्येकाच्या मागे त्याच्यापेक्षा लांब सावली. धुकं नाही, वाफ नाही, मऊ फोकस नाही. कडकडीत. आणि तरी मूड असा की अंगावर काटा. स्ट्रँडने पुढे सांगितलं होतं की त्या अवाढव्य, धमकावल्यासारख्या काळ्या आकारांनी त्याला खेचलं.

माझ्या मते फोटोग्राफी 'मॉडर्न' झाली ती इथे. स्टायकेनला मूडसाठी बाभळीच्या डिंकात रंग कालवून प्रिंटवर थर चढवावे लागले (गम बायक्रोमेट म्हणतात ते, डिंक-बायक्रोमेट-रंग लावायचा, उन्हात जिथे कडक होईल तिथे राहतो, बाकी पाण्याने धुऊन जातो), फ्लॅटआयर्नचे तीन प्रिंट तीन वेगळ्या रंगछटांचे आहेत, एक निळसर, एक हिरवट. म्हणजे खरं तर ते कृष्णधवल तरी कुठे! स्ट्रँडने दाखवलं की नुसत्या उभ्या आयतांनी काम होतं.

स्टिग्लिट्झला हे कळलं हे त्याचं मोठेपण. 'कॅमेरा वर्क'चा शेवटचा जोडअंक, १९१७ चा, जवळजवळ अख्खा स्ट्रँडला दिला. तोवर वर्गणीदार हजाराच्या आसपासवरून चाळिशीच्या आत आले होते. असा त्रैमासिकाचा शेवट करायला छाती लागते. आपल्याकडचे दिवाळी अंकवाले वाचतायत का?

आळशी_ट्रायपॉड | सोम, रात्री १०:१२

वॉल स्ट्रीट आमच्या सरांनी पहिल्याच लेक्चरला दाखवला होता आणि म्हणाले हा फोटो भविष्यवाणी आहे, कारण १९२० मध्ये त्याच बँकेसमोर घोडागाडीत बॉम्ब फुटला आणि तीसहून जास्त माणसं गेली. भिंतीवर त्याचे खड्डे अजून आहेत म्हणे. मला तेव्हा भारी वाटलेलं. आता हा धागा वाचून शंका येतेय.

कातरवेळ | सोम, रात्री १०:३०

येऊ दे शंका, चांगलीये. बॉम्ब खरा, भिंतीवरचे वण खरे, पण फोटो पाच वर्षं आधीचा. भविष्यवाणी आपण नंतर चिकटवली, स्टीअरेजला आशा चिकटवली तशीच. मात्र तुझ्या सरांना या फोटोलाच ते चिकटवावंसं वाटलं, त्याच रस्त्याच्या एखाद्या पिक्चर पोस्टकार्डाला नाही, यात काहीतरी आहे. त्या काळ्या खिडक्यांनी जागा करून ठेवली होती. मला वाटतं प्रतीक हे असं रिकामं कोनाड्यासारखं असतं, आकार आधीच कोरलेला, आत कुणाची समई ठेवायची ते येणारा जाणारा ठरवतो, पण कोनाड्यात पलंग काही मावत नाही.

@भुंगा, स्ट्रँडबद्दल मान्य, तो धाग्यात हवाच होता. पण धुकं म्हणजे कच्चं आणि कडकडीत म्हणजे पक्कं, हे काही मला पटत नाही. वाफाळते घोडे अजूनही माझ्या मनात पहिल्या नंबरवर.

आणि खवट, भिंतीबद्दल. १९२३ मध्ये स्टिग्लिट्झने ढग का काढतो यावर लेख लिहिला तो नेमका तुमच्यासारख्याला उत्तर म्हणून आहे. एका लेखकमित्राने म्हटलं होतं की तुझ्या फोटोंतली ताकद म्हणजे समोरच्या माणसांवर तू टाकलेली मोहिनी. हा पेटला. म्हणाला आता असा विषय घेतो ज्यावर माझी मोहिनी चालणार नाही आणि जो सगळ्यांना मोकळा आहे, ढगांवर अजून कर बसलेला नाही. (इथे जीएसटीचे विनोद करू नका.) त्याच लेखात तो सांगतो १९२२ च्या उन्हाळ्यात, ढग काढायला लागला तेव्हा, घरी काय चाललं होतं. आई मरणाला टेकलेली. घरदार-इस्टेट मोडकळीला. अंगणातली चेस्टनटची झाडं मरत होती. आणि ३७ वर्षांचा म्हातारा घोडा, त्याला ७० वर्षांचा गाडीवान कसाबसा जगवत होता.

मी हे वाचलं आणि मला १८९३ चा टर्मिनल आठवला. पुन्हा घोडा, पुन्हा त्याला जपणारा गाडीवान. तीस वर्षांपूर्वी त्याने तो समोर दिसल्यावर काढला. या वेळी घोडा दारात असून कॅमेरा वर केला. आई त्याच नोव्हेंबरात गेली.

खवट_शेंगदाणा | सोम, रात्री ११:०२

माझी आई गेली त्या वर्षी मी गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी बसून असायचो. आभाळ कसं होतं ते मात्र आठवत नाही.

तरी हे तुम्ही मला सांगितल्यावर झालं हं. फोटोने नाही, गोष्टीने. माझा मुद्दा कायम.

कातरवेळ | सोम, रात्री ११:०९

कायम राहू दे. मलाही तो पूर्ण खोडता येत नाहीये.

चार्लसकाठ | मंगळ, पहाटे ४:२०

मी वॉशिंग्टनला गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ना आई, ना घोडा. तरी एका फोटोपाशी थांबले होते, ढगाआड सूर्याची बारीक पांढरी टिकली आणि चहूकडे काजळ. नवऱ्याने दोनदा हाक मारली म्हणे.

एका व्यक्तीचा पुरावा, शास्त्रीय किंमत शून्य, पण नोंद असावी.

पेठी_भुंगा | मंगळ, सकाळी १०:४०

धाग्याला फाटा फोडतो, चालेल ना? पॅरिसचा फोटोग्राफर अत्जे. हा तर मूडच्या भानगडीत पडलाच नव्हता, दारावर 'चित्रकारांसाठी दस्तऐवज' अशी पाटी, जुन्या पॅरिसचे जिने, दुकानं, अंगणं काढून विकायचा. पहाटे काढायचा म्हणून रस्ते रिकामे, एक्स्पोजर लांब म्हणून कुणी आलंच तर भुतासारखं पुसट. जुनी इमारत पूर्ण यावी म्हणून लेन्स इतकी वर सरकवायचा की वरचे दोन कोपरे काळे राहायचे, कमानीतून बघितल्यासारखे. सगळी कारणं धंद्याची. आणि परिणाम असा की १९२६ मध्ये सररिअलिस्टांनी (स्वप्नातलं, अतर्क्य जग मांडणारे कलावंत) आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो घेतला, ग्रहण बघायला माना वर केलेली गर्दी. पुढे जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने त्याच्या रिकाम्या रस्त्यांची तुलना गुन्ह्याच्या जागेशी होते हे नोंदवून ठेवलं, तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात ते येतंच.

म्हणजे एकाने मूडसाठी आयुष्य घातलं, आणि दुसऱ्याकडे तो पहाटे दूधवाल्याच्या मागोमाग आपसूक आला.

लाल_दिवा | मंगळ, दुपारी ३:२५

आपसूक वगैरे काही नसतं हो भुंगा. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि तिकाटणं खांद्यावर घेऊन म्हातारपणी पहाटे निघणारा माणूस त्या उजेडाच्या प्रेमात असल्याशिवाय तीस वर्षं निघत नाही. पैशासाठी दहा वाजता पण निघता येतं.

माझं सांगतो. छापखान्यात एका कॅलेंडरसाठी ढगांचा फोटो आला होता, मालकाने सांगितलं ढग पांढरे शुभ्र पाहिजेत, गिऱ्हाइकाचा साबणाचा धंदा. मी एक प्रिंट तशी केली आणि एक स्वतःसाठी, डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून, कडा हाताने भाजून. ट्रेमध्ये लाल उजेडात कागद आधी कोरा, मग कुठेतरी राखाडी डाग, मग एकदम आभाळ वर येतं. हायपोत (फोटो पक्का करायचं द्रावण) टाकायला हात होईना इतकं बरं दिसत होतं. बाहेर पांढऱ्या ट्यूबखाली आणली तर नुसती काळपट. लाल दिव्यात सगळंच गहिरं दिसतं, त्याला भुलायचं नसतं, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो आणि स्वतः भुलायचो.

आळशी_ट्रायपॉड | बुध, रात्री ८:१५

अपडेट. आज कॉलेजच्या डार्करूममध्ये एक प्रिंट केली. गेल्या आठवड्यात पाऊस उघडला तेव्हा गच्चीतून काढलेले ढग, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, सरांचा लाल फिल्टर उसना. पोस्टकार्ड साइज ठेवली मुद्दाम. तारा आणि टॉवर फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून अक्षरशः आडवा झोपून काढला, शर्टाची वाट लागली. काकांचं ऐकून पांढऱ्या दिव्याखाली तपासली, तीनदा फेकली, चौथी ठेवली.

घरी आणून कुणाला काहीही न सांगता दाखवली, खवट यांच्यासाठी खास, नो कॅप्शन. बाबा म्हणाले खराब झाली का रे. बहीण म्हणाली समुद्र आहे. आजीने चष्मा लावला, बराच वेळ धरून बसली, मग फिरवली, परत फिरवली.

म्हणाली, वर कुठली बाजू ते तरी सांग.